न दिसणाऱ्या तारांचे अर्थशास्त्र

१९७० साली ब्रिटनमधील एअरफिक्स कंपनीने दुसऱ्या महायुद्धातील स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या प्रतिकृतीचा एक मोठा संच बाजारात आणला. त्याचे प्रमाण होते मूळ विमानाच्या चोविसाव्या हिश्शाचे. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार ११.२३ मीटर, प्रतिकृतीचा जवळजवळ ४७ सेंटिमीटर. वीतभर प्रतिकृतीत जे उणेपण नजरेतून सुटते, ते एवढ्या आकारात सुटत नाही. तेव्हापासून अशा मोठ्या संचांत जे नाही ते स्वतःच्या हाताने घडवून त्यात बसवणाऱ्या हौशी कारागिरांची एक परंपराच निर्माण झाली. संचाची किंमत मोजल्यावर पुन्हा शेकडो तास त्यात ओतणाऱ्या या माणसांना वेडे ठरवणे सोपे आहे; परंतु त्यांच्या वेडात श्रमाविषयीचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे.

कारखानदार तपशील गाळतो तो आळसाने नव्हे. पोलादी साचा कोरण्याचा खर्च एकदाच, परंतु फार मोठा असतो. तो हजारो संचांवर विभागला गेला तरच धंदा परवडतो. म्हणून प्रत्येक जादा भागाचा हिशेब होतो. शिवाय वितळलेले प्लास्टिक साच्यात सर्वत्र पोहोचावे यासाठी भिंतीला काही किमान जाडी लागते. प्रतिकृतीतील एक मिलिमीटर म्हणजे मूळ विमानातील २४ मिलिमीटर. विमानाचा खरा पत्रा याच्या जवळपासही जाड नसतो. जे साच्याला जमत नाही आणि बाजाराला परवडत नाही, तेथून हौशी कारागिराचे काम सुरू होते.

स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचेच उदाहरण घ्यावे. त्यात १२ सिलिंडर आणि प्रत्येकाला दोन स्पार्क प्लग. म्हणजे एकूण २४ तारा. मूळ तार सात मिलिमीटर जाडीची धरली, तर प्रतिकृतीत ती ०.३ मिलिमीटरहूनही बारीक हवी. ती टाकाऊ टेलिफोन केबलमधील तांब्याच्या तंतूतून मिळते. आसनाचे पट्टे बाटलीच्या बुचावरील पातळ पत्र्यातून कापले जातात. संचाचे सुटे भाग ज्या काड्यांना जोडलेले असतात, त्या मेणबत्तीवर तापवून ताणल्या की केसासारख्या नळ्या तयार होतात. परंतु कापणे-चिकटवणे हा या कामाचा निम्माच भाग होय. कोणती तार कोठून निघून कोठे जाते हे कळण्यासाठी जुनी छायाचित्रे आणि दुरुस्तीच्या पुस्तिका अभ्यासाव्या लागतात. आणि एवढे झाल्यावर पुष्कळदा इंजिनावर झाकण बसते व त्या तारा कायमच्या दृष्टीआड होतात.

या व्यवहाराला नफा-तोट्याच्या वहीत जागा नाही. मजुरीच्या दराने तास मोजले तर प्रतिकृती सोन्याच्या भावाने पडेल. फावल्या वेळेचा उपभोग, असे एक उत्तर पाठ्यपुस्तके देतात. ते अपुरे आहे. याहून जवळचे उत्तर ॲडम स्मिथच्या १७७६ सालच्या ग्रंथातच सापडते. श्रमविभागणीमुळे दहा माणसे दिवसात ४८,००० टाचण्या कशा करतात, हे त्याने सांगितले ते सर्वांच्या ध्यानात राहिले. परंतु ज्याचे आयुष्य दोन-चार ठराविक क्रियांत जाते त्याची बुद्धी वापराअभावी गंजते, हा त्याचाच इशारा मात्र विस्मरणात गेला. दिवसभर एकाच तक्त्याचा एकच रकाना भरणाऱ्या माणसाला रात्री एखादी वस्तू आरंभापासून शेवटापर्यंत आपल्या अकलेने पुरी करावीशी वाटली, तर ती चैन नव्हे. दिवसाने नाकारलेल्या गोष्टीची ती भरपाई आहे.

पुढे बाजाराने या हौसेचीही दखल घेतली. १९८९ साली तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात स्थापन झालेल्या एडुआर्डसारख्या कंपन्या पितळी पत्रा रसायनाने कोरून केलेले पट्टे, तक्ते आणि खटके पुरवतात. आता त्रिमितीय छपाईनेही असे भाग तयार होतात. यात वाईट काही नाही. घड्याळाच्या तबकडीवरील सूक्ष्म आकडे हाताने साधत नाहीत, आणि ज्याची नजर किंवा सवड कमी त्यालाही या छंदात जागा मिळते. मात्र घरी वळलेली तार राष्ट्रीय उत्पन्नात शून्य धरली जाते आणि विकत घेतलेली तिच्या किमतीएवढी. म्हणून दुसरी अधिक मोलाची, असे मानणे ही फसगत होय. विकत घेतलेला भाग पुष्कळदा अधिक सुबक असतो. परंतु तो घडवताना जे शिकावे लागले असते, ते पाकिटात येत नाही.

दिवाळीत बाजारातून तयार किल्ला आणणारे घर आणि अंगणात चिखल कालवून किल्ला करणारे मूल, यांतील अंतर हेच आहे. मातीचा बुरूज दोनदा ढासळतो. तेव्हा कोठे तटाला पाया का लागतो, हे त्या मुलाला उमगते.

म्हणून सुटे भाग खुशाल विकत घ्यावेत; परंतु प्रत्येक कामात एखादा तरी भाग असा राखावा, की जो चुकून, मोडून, पुन्हा स्वतःच करायचा आहे. झाकणाखालच्या चोवीस तारा पाहुण्याला दिसणार नाहीत. ज्याने त्या वळल्या त्याला मात्र ते इंजिन कळलेले असते.