माळ्यावरच्या कॅसेट भंगारात घालू नका

आमच्या मुलुंड पूर्वेच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरला आणि घरं खाली करायला ४५ दिवस मिळाले. त्या दिवसांत भंगारवाला जवळजवळ आमच्या जिन्यातच मुक्कामाला होता. पितळेला भाव, रद्दीला भाव, जुन्या कुकरलाही भाव. समोरच्या वहिनींनी माळ्यावरून एक खोकं काढून त्याच्यापुढे ठेवलं, तेव्हा मात्र त्यानं नुसतं आत डोकावून पाहिलं. "इसका कुछ नहीं मिलेगा, ऐसे ही डाल दो." खोक्यात चौदा व्हिडिओ कॅसेट होत्या. एकीवर बॉलपेननं लिहिलं होतं, 'लग्न, भाग २'.

ते खोकं मी त्याच्या गोणीतून परत काढून घेतलं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, जिथे जिथे चार मजली इमारती पाडायला निघाल्या आहेत, तिथल्या सगळ्यांना माझी विनंती आहे : बांधाबांध करताना असं खोकं सापडलं तर ते भंगारात देऊ नका. आणि नव्या घरी नेऊन पुन्हा माळ्यावरही टाकू नका. त्यानं नुकसान जरा सावकाश होतं, एवढाच फरक.

'त्यात आहे काय एवढं? अर्धा तास स्टेजवर पाकिटं देणारी माणसं!' असं वहिनीही म्हणाल्या. खरं आहे. खांद्यावर धोंड्याएवढा कॅमेरा घेतलेला शूटिंगवाला, त्याच्या मागे हॅलोजन धरून उभा असलेला पोरगा, त्या उजेडात डोळे किलकिले केलेली वरमाय, आणि मग ती न संपणारी रांग. पण त्या रांगेतल्या कितीतरी माणसांचं चालतंबोलतं चित्र दुसरीकडे कुठेच नाही. आजोबांचा फोटो भिंतीवर असतो. ते चालायचे कसे, हे फक्त त्या पट्टीवर असतं. बोलायचे कसे, हे मात्र लग्नाच्या कॅसेटवर बहुधा मिळत नाही, कारण मिक्सिंगवाल्यानं सगळ्यांच्या बोलण्यावर सनई आणि सिनेमाची गाणी चढवलेली असतात. म्हणून मिक्सिंगआधीची कच्ची कॅसेट सापडली तर ती आधी जपा.

आवाज शाबूत राहिला तो घरच्या कॅमेऱ्यात. सोनीनं १९८५मध्ये छोट्या कॅसेटचा हँडीकॅम आणला, १९९५पासून त्याहून छोट्या मिनीडीव्ही आल्या, आणि परदेशातून येणाऱ्या कुणा ना कुणा मेहुण्याच्या बॅगेतून तो कॅमेरा आपल्या उपनगरांत पोचला. मग सोसायटीचं गॅदरिंग, पंधरा ऑगस्ट, गच्चीवरची कोजागरी, बारसं, सगळं त्यात गेलं. मंडळांनी तर पोत्यानं शूटिंग केलं. आझादनगरचा अंधेरीचा राजा १९६६ पासून बसतो आणि त्याचं विसर्जन अनंत चतुर्दशीला न होता संकष्टीला होतं. इतकी वर्षं उत्सव करणारी मंडळं आपल्या सगळ्याच उपनगरांत आहेत. त्यांच्या जुन्या मिरवणुकांच्या कॅसेट कुणा कार्यकर्त्याच्या कपाटात पडल्या असतील, तर मंडळानं यंदाच्या वर्गणीतले चार पैसे त्यासाठी काढावेत. डीजेचा एक तास कमी झाला तर गणपती रागावणार नाही.

समारंभ कॅमेऱ्यात धरायची हौस मुंबईला जुनीच. सावे दादा, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, यांनी १८९९मध्ये हँगिंग गार्डनमधल्या कुस्तीचं चित्रण केलं आणि ती फिल्म धुवायला लंडनला पाठवली. १९०१मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचंही चित्रण दादांनी केलं. त्या फिती आज नाहीत. प्रत करणं तेव्हा महागाचं आणि कटकटीचं काम होतं. आपल्याला ती सबब नाही.

कॅसेटची पट्टी म्हणजे प्लास्टिकवर चिकटवलेली चुंबकी भुकटी. दमट हवेत तो थर सैल होतो आणि बुरशी धरते. आपल्याकडे चार महिने पाऊस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हाचं तळमजल्यावरच्यांना सांगायला नको. शिवाय पट्टी टिकली तरी ती लावायची कशावर? जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं; त्यानंतर नवं यंत्र कुणी बनवत नाही. आज जे चालतंय ते जुनं, रबरी पट्टा ताणलेलं.

म्हणून आधी एवढं करा. कॅसेट उजेडात धरून खिडकीतून रिळाची कड बघा. पांढरी पावडर दिसली तर ती कॅसेट घरी लावू नका. पट्टी तुटेल, हेड खराब होईल, आणि तेच यंत्र पुढच्या कॅसेटला बुरशी लावेल. ती वेगळ्या पिशवीत ठेवून साफ करणाऱ्याकडेच द्या. मग कडेवरचं छोटं प्लास्टिकचं टोक मोडा, म्हणजे चुकून वर काही रेकॉर्ड होणार नाही. आमच्या वडिलांनी मोडलेल्या टोकाच्या जागी सेलोटेप लावली होती. त्यामुळे माझ्या मुंजीच्या शेवटच्या वीस मिनिटांत भिक्षावळ नाही, १९९८ची शारजाची मॅच आहे. सचिन छान खेळतो, पण आजी गेली ती गेलीच.

बंद पडलेला हँडीकॅमही लगेच विकू नका. त्याच्या छोट्या कॅसेट व्हीसीआरमध्ये चालत नाहीत, त्याच कॅमेऱ्यात चालतात. बॅटरी मेली असली तरी चार्जरच्या वायरवर तो बहुतेक वेळा सुरू होतो.

दुकानात देणार असाल तर नीट विचारून द्या. मी शहाणपणा न करता स्टेशनजवळच्या एका दुकानात दिल्या होत्या. तीन तासांच्या कॅसेटची दोन तासांची डीव्हीडी मिळाली, ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. आता ती डीव्हीडी अडकते, आणि लॅपटॉपला डीव्हीडीची फटच नाही. म्हणून डीव्हीडी नको, पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर फाइल मागा. काटछाट नको, गाणी नको, मूळ कॅसेट परत हवी, हे आधीच सांगा. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात; दहा कॅसेट संध्याकाळपर्यंत देतो म्हणणाऱ्याला यंत्रं किती आहेत ते विचारा. मिनीडीव्ही असेल तर ती फायरवायरनं उतरवायला सांगा. तासाला साधारण १३ जीबी जागा जाते, पण जसंच्या तसं येतं. पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरी व्हीएचएसला ठीक.

फाइल हातात आली की एक प्रत आपल्याकडे, एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा मुलाकडे. व्हॉट्सअॅपवर पाठवली म्हणजे जपली असं नाही. तिथे ती आक्रसून जाते. दुसऱ्यांची माणसं, दुसऱ्यांची लेकरं त्यात असतात, तेव्हा न विचारता इंटरनेटवर चढवू नका.

आणि पहिल्यांदा बघाल तेव्हा घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला शेजारी बसवा. फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवा. कोण कुणाचं, ते त्यांनाच ठाऊक असतं.

वहिनींच्या चौदांतल्या नऊ कॅसेट निघाल्या. एक हँडीकॅमवरून व्हीएचएसवर घेतलेली, १९९७च्या गणपतीची. त्यात वहिनींचे सासरे विचारतात, "अरे, हा लाल दिवा कसला?" मग कॅमेरा खाली होतो, पण बंद होत नाही. पुढची चार मिनिटं नुसती दारातली मोझॅकची लादी, तिच्यावर चपलांचा ढीग, आणि वर कुठेतरी आरतीआधीची गडबड, निरांजन शोधणं, कुणाला तरी हाका. मी पुढे ढकलायला गेलो तर वहिनींनी हात धरला. स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन त्यांनी अंगठा तुटलेल्या एका चपलेवर बोट ठेवलं. "ह्या अण्णांच्या," म्हणाल्या. मग एकेक करून त्यांनी बाकीच्याही ओळखल्या.