सफरचंद ठेवा बाजूला, मोसंबीची साल शिजवा

ऑगस्ट संपत आला की छत्रपती संभाजीनगरात दोन गोष्टी सोबतच सुरू होतात. जाधववाडीच्या मार्केटमध्ये हिमाचल-काश्मीरच्या सफरचंदांच्या पेट्या उतरू लागतात, आणि माझ्या फोनवर सफरचंदाच्या मार्मालेडचे रील्स. पांढरंशुभ्र स्वयंपाकघर, लाकडी चमचा, दालचिनीची काडी, बरणीच्या गळ्याला बांधलेली सुतळी, आणि खाली ‘होममेड, नो केमिकल्स’. माझ्या वयाची, माझ्यासारखीच लॅपटॉपवर पोट भरणारी मंडळी ते बघतात आणि शनिवार-रविवारी बरण्या भरतात. त्याच आठवड्यात इथून पन्नासेक किलोमीटरवर, पाचोडच्या बाजारात, मोसंबीचे ढीग लागलेले असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. या शहरात राहून सफरचंदाचं मार्मालेड करणं हा काही गुन्हा नाही, पण आळस नक्की आहे. हाताचा नव्हे, डोक्याचा. कारण मार्मालेडला जे जे लागतं ते सगळं मोसंबीत आहे, आणि मोसंबीचं जे दुखणं आहे त्यावर मार्मालेडइतका चांगला इलाज दुसरा नाही.

आधी नावाचा घोळ मिटवू. मार्मालेड हा शब्द पोर्तुगीज ‘मार्मेलो’वरून आला. मार्मेलो म्हणजे सफरचंदाच्या नात्यातलं एक आंबट, टणक फळ. त्याची वडीसारखी घट्ट मिठाई म्हणजे मार्मेलादा. म्हणजे ‘सफरचंदाचं मार्मालेड असूच शकत नाही’ असं म्हणणाऱ्यांचाही दावा इतिहासात टिकत नाही. पण पुढे ब्रिटनमध्ये हा शब्द संत्र्या-लिंबांच्या सालीसकट केलेल्या पाकाला चिकटला, आणि आपल्या अन्नसुरक्षा नियमांतही मार्मालेड म्हणजे लिंबूवर्गीय फळाचंच. सफरचंदाचं जे होतं त्याला जॅम म्हणा, मुरंबा म्हणा. मुरंबा हा शब्दही अरबी ‘मुरब्बा’वरून आलेला, त्यामुळे शुद्धतेचा झेंडा कुणीच मिरवू नये. मोसंबीच्या तर नावातच मोझांबिक ऐकू येतं. तेव्हा ‘आपलं ते आपलं, परक्याचं ते परकं’ असला हा वाद नाही. मुद्दा शेजारचा आहे. जे फळ शेजारी पिकतं आणि ज्याचं काय करायचं हे कुणाला सुचत नाही, ते आपल्या स्वयंपाकघरात का येत नाही?

आपल्याकडे मोसंबी हे आजाऱ्याचं फळ आहे. दवाखान्यात कुणाला भेटायला जायचं तर घाटीसमोरच्या गाड्यावरून डझनभर मोसंबी घ्यायची. ताप आला की मोसंबीचा रस, बाळंतिणीला मोसंबीचा रस. धडधाकट माणूस मोसंबी खातो ती उन्हाळ्यात ज्यूसच्या गाड्यावर, तीही उभ्या-उभ्या. सणाला मोसंबीचं काही होत नाही, डब्यात मोसंबी जात नाही, पाहुण्यांपुढे येत नाही. सफरचंद मात्र फोडी करून ताटात येतं, कारण ते दुरून येतं आणि महाग असतं.

आणि हे कुठे? मराठवाड्यात. जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बदनापूरला कृषी विद्यापीठाचं मोसंबी संशोधन केंद्र आहे. पैठण, अंबड, घनसावंगी, बदनापूर या पट्ट्यातल्या कित्येक घरांची लग्नं, शिक्षणं, दवाखाने मोसंबीच्या बहरावर ठरतात. २०१२-१३च्या दुष्काळात याच पट्ट्यात लोकांनी टँकरच्या पाण्यावर बागा जगवायचा प्रयत्न केला आणि जमलं नाही तेव्हा वाळलेली झाडं तोडून सरपणाला लावली. मोसंबीचं झाड लावल्यावर नीट उत्पन्न यायला पाच-सहा वर्षं जातात. बाग तोडणं म्हणजे घरातली पाच-सहा वर्षं चुलीत घालणं.

पाऊस बरा झाला तर दुसरं संकट असतं. आंबे बहाराचा माल सगळ्यांचा एकदमच येतो. ऐन वेळी फळगळ होते, झाडाखाली सडा पडतो. गळलेल्या फळाला कुणी विचारत नाही, आणि झाडावरच्या फळाचा भाव टनावर ठरतो. इथला शेतकरी फळ विकत नाही, वजन विकतो.

मग प्रत्येक व्यासपीठावरून एकच वाक्य ऐकू येतं: प्रक्रिया उद्योग उभे राहिले पाहिजेत. पैठण तालुक्यात २०१८ मध्ये मेगा फूड पार्कचं उद्घाटन झालं. २०२०पासून सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी केंद्राची योजना आहे, ३५ टक्के आणि जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. योजनांना माझा विरोध नाही. पण या भाषणांत एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. मोसंबीवर प्रक्रिया म्हणजे नेमकं काय करायचं?

कारण मोसंबीचा रस टिकत नाही, आणि तो नुसता आंबतो म्हणून नाही. तो कडू होतो. ज्यूसवाला ‘लगेच प्या’ म्हणतो त्यामागे रसायनशास्त्र आहे. मोसंबीच्या गरात, पडद्यांत आणि बियांत एक पदार्थ असतो, तो मुळात कडू नसतो. फळ पिळलं की तो आंबट रसात मिसळतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं. लिमोनिन जहाल कडू. पहिल्या घोटाला गोड लागलेला रस तासा-दोन तासांनी तोंड वाकडं करतो. उकळला तर आणखी लवकर. कारखान्यात खास रेझिनमधून रस गाळून हा कडूपणा काढता येतो, पण त्याला यंत्रणा लागते, भांडवल लागतं. संत्र्याच्या रसाचे डबे दुकानात रांगेने दिसतात आणि मोसंबीचे क्वचितच, त्याचं एक मोठं कारण हे.

आता मार्मालेडकडे बघा. जगात हा एकच गोड पदार्थ असा आहे की जो कडू नसेल तर लोक नावं ठेवतात. स्पेनमधल्या सेव्हिलची संत्री इतकी कडू-आंबट की ती कुणी सोलून खात नाही. त्याच संत्र्यांवर स्कॉटलंडमधल्या डंडीच्या किलर कुटुंबाने अठराव्या शतकाच्या अखेरीस धंदा सुरू केला आणि डंडीचं नाव जगभरच्या नाश्त्याच्या टेबलावर गेलं. न खाण्याजोगं फळ आणि संत्र्याचं एक झाड नसलेलं गाव! आमच्या धंद्यात म्हणतात तसं, हा बग नाही, फीचर आहे. मोसंबीचा जो दोष रसात लपवावा लागतो तो मार्मालेडमध्ये चवीचा कणा होतो.

दुसरी गोष्ट पेक्टिनची. जॅम किंवा मार्मालेड घट्ट होतं ते पेक्टिनमुळे. जगभर विकत मिळणारं पेक्टिन मुख्यतः दोनच गोष्टींपासून काढतात: सफरचंदाचा चोथा आणि लिंबूवर्गीय फळांच्या साली. म्हणजे सफरचंदाचं जे खरं बळ आहे ते मोसंबीच्या सालीतही आहे. क्रांती चौकापासून सिडकोपर्यंत प्रत्येक ज्यूसच्या गाड्यामागे सालींची पोती भरलेली असतात, संध्याकाळी ती घंटागाडीत जातात. आपण पेक्टिन कचऱ्यात टाकतो आणि ते मिळावं म्हणून काश्मीरचं फळ विकत घेतो.

आता कृती. रील्समधल्या ‘थोडं’, ‘अंदाजे’, ‘घट्ट होईपर्यंत’वर माझा विश्वास नाही, म्हणून आकड्यांत सांगतो.

एक किलो मोसंबी कोमट पाण्यात चोळून धुवा. पिवळी-हिरवी साल पांढऱ्या भागासकट काढून बारीक काड्या चिरा. काड्या दहा मिनिटं उकळून ते पाणी फेकून द्या, कडूपणा बेताचा होतो. आतल्या फळाचा रस वेगळा काढा. बिया आणि पडदे मलमलच्या फडक्यात बांधा. जास्त कडू नको असेल तर अर्ध्या बिया टाकून द्या. काड्या, रस, पुरचुंडी आणि दीड लिटर पाणी रात्रभर ठेवा. सकाळी मंद आचेवर शिजवा, साल दोन बोटांत चिरडली गेली पाहिजे. साल शिजण्याआधी साखर घातली की ती चामड्यासारखी होते, मग कितीही उकळा. पुरचुंडी पिळून काढा. हाताला जो चिकट बुळबुळीत द्रव लागतो तेच पेक्टिन, ते पातेल्यात जाऊ द्या. मग एक किलो साखर आणि चार लिंबांचा रस. मोसंबीत आंबटपणा कमी असतो, लिंबाशिवाय पेक्टिन धरत नाही.

इथे रील्सवाले चुकतात. परदेशी कृतीतून उचलून सांगतात, १०५ अंशांपर्यंत उकळा. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६८ मीटर उंच आहे, इथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळतं. मार्मालेडला हवी असते ती पाण्याच्या उकळबिंदूपेक्षा साडेचार-पाच अंश जास्त उष्णता, म्हणजे इथे साधारण १०३. तुम्ही १०५ची वाट बघत बसलात तर बरणीत चिक्की भरावी लागेल. थर्मामीटर नसेल तर थंडगार ताटलीवर थेंब टाका आणि बोटाने ढकला, सुरकुती पडली की गॅस बंद. आपल्या आज्या पाकाची तार बघायच्या ती हीच मोजणी होती. एकतारी, दोनतारी हे अंदाज नव्हेत, मापं आहेत.

आणि साखर कमी करू नका. जॅममध्ये ६५ टक्क्यांच्या वर साखर आणि इतर विरघळलेले पदार्थ असावेत हा नियम चवीचा नाही. तेवढ्या साखरेत बुरशीला लागणारं पाणी मोकळं राहत नाही. ‘शुगर-फ्री, सहा महिने टिकणारं, नो प्रिझर्व्हेटिव्ह’ असं एका दमात सांगणाऱ्याला विचारा, मग टिकतं कशाने? साखर नको असेल तर फ्रीजमध्ये ठेवून आठवड्यात संपवा, किंवा करू नका. मार्मालेड हे औषध नाही. पोळीला लावायचा एक चमचा आहे.

या म्हणण्यात दोन अडचणी आहेत, त्या लपवून उपयोग नाही. पहिली, फवारणी. मार्मालेडमध्ये आपण साल खातो आणि बागेत औषधं मारलेली असतात. धुतल्याने वरवरचं जातं, सगळं जात नाही. पण याचा अर्थ साल फेका असा नाही. याचा अर्थ, फळ कुठून आलं आणि शेवटची फवारणी कधी झाली हे शेतकऱ्याला विचारा, आणि उत्तर देणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या. सफरचंदाच्या पेटीला हा प्रश्न विचारायची सोय तरी आहे का?

दुसरी अडचण मोठी आहे. किलोला किलो साखर लागते, आणि मराठवाड्यात साखर म्हणजे ऊस, ऊस म्हणजे पाणी. ज्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या त्याच दुष्काळात जायकवाडीच्या पट्ट्यात ऊस उभा होता. मार्मालेडची एक बरणी हा प्रश्न सोडवत नाही. पण साखर आपण तशीही खातोच, चहात, बिस्किटांत, सफरचंदाच्या जॅममध्ये. तीच साखर ठिबकवर वाढलेल्या फळासोबत गेली तर निदान शेजारच्या बागेच्या कामी येते.

‘तुझ्या चार बरण्यांनी जालन्याचा शेतकरी तरणार का?’ नाही तरणार. मी तसं म्हणतही नाही. मी म्हणतो, ज्या पदार्थाची चवच कुणाला माहीत नाही त्याचा कारखाना चालत नाही. पाचगणीत मॅप्रोची सुरुवात १९५९ची. आज महाबळेश्वरला गेलेला माणूस स्ट्रॉबेरी क्रश किंवा जॅमची बाटली घेतल्याशिवाय घाट उतरत नाही. नागपूरहून येणाऱ्याच्या पिशवीत संत्रा बर्फी असते. वेरूळ बघून, दौलताबादचा किल्ला चढून परतणारा पर्यटक इथून हिमरू नेतो, पैठणी नेतो, घाटात बसलेल्या बाईकडून सीताफळं घेतो. मोसंबीचं काय नेतो? नेण्यासारखं आपण काही केलेलंच नाही. अनुदानाने यंत्र येतं, जीभ येत नाही. ती घराघरातच तयार व्हावी लागते.

तेव्हा या सीझनला सफरचंद नुसतं खा, ते तसंच छान लागतं. मार्मालेड करायचं असेल तर बीड रस्त्याने पाचोडला जा, किंवा निदान घराजवळच्या ज्यूसवाल्याला सकाळीच सांगून ठेवा की दुपारच्या साली वेगळ्या ठेव. तो आधी तुमच्याकडे विचित्र नजरेने बघेल. दुसऱ्या खेपेला एक बरणी त्यालाही द्या, आणि आजारी नसलेल्या चार माणसांना ती मोसंबी खायला घाला.