अपंगांना काम : दया नको, हिशेब करा



नोकरभरतीचा विषय निघाला की अपंग उमेदवाराबद्दल आपल्याकडे एकच बोलणे ऐकू येते, "बिचाऱ्याला घ्या कुठंतरी कोपऱ्यात." मला हे पटत नाही. कारखाना आपल्या शेअरवर उभा आहे आणि इथला प्रत्येक पगार शेवटी उसाच्या पैशातूनच जातो. तेव्हा दयेपोटी कोणालाच घेऊ नये. पण कामाची माणसे आपण गेटवरूनच परत पाठवतो, त्याचे काय?

अमेरिकेतला मोटारवाला हेन्री फोर्ड काही धर्मादाय करायला बसला नव्हता. त्याने कारखान्यातली कामे मोजली, ती ७,८८२ प्रकारची भरली. १९२२ च्या आत्मचरित्रात तो हिशेब दिलेला आहे. ६७० कामे दोन्ही पाय नसलेल्याला, २,६३७ एका पायाच्याला आणि ७१५ एका हाताच्याला जमण्याजोगी निघाली. नट-बोल्ट मोजायला एक अंध माणूस दिला. तिथे आधीचे दोघे धडधाकट होते. दोन दिवसांत फोरमनची चिठ्ठी आली, त्या दोघांना दुसरीकडे न्या, हा एकटाच सगळे उरकतो!

आपल्याकडे अशी मोजणी कोणी केली? गव्हाणीवर, मिलवर धट्टाकट्टा गडीच पाहिजे, तिथे वाद नाही. पण काट्यावर पावती करणारा, ऊसनोंदीचा कारकून, लॅबमध्ये रसाचे ब्रिक्स पाहणारा, स्टोअरचा हिशेब ठेवणारा, यांना दोन्ही पाय कशाला लागतात? कडबाकुट्टीत हात गेलेली पोरं आपल्या गावांत आहेत. शिकलेली आहेत, उसातलं त्यांना कळतं.

आणि कामावरच हात गमावलेला जुना फिटर? नुसत्या आवाजावरून मशीनचे दुखणे ओळखणारा माणूस घरी बसवला, तर वीस वर्षांचे शिक्षण त्याच्याबरोबर घरी जाते. सरकारी आस्थापनांना २०१६ च्या कायद्याने अशा माणसाला काढता येत नाही. तो कायदा आपल्याला लागतो की नाही, हे वकिलांनी बघावे. हिशेब तर लागतोच.

खर्च येईल. पायऱ्यांशेजारी उतार, एखादे बसके टेबल. (तो उतार शेअर विभागात येणाऱ्या म्हाताऱ्या सभासदांनाही कामी येईल.)

संचालक मंडळाने वार्षिक सभेपूर्वी खातेवार कामांची यादी करावी, कोणते काम कोणाला जमेल ते लिहावे, आणि पुढच्या भरतीच्या जाहिरातीत ते छापावे. कामाची परीक्षा मात्र सगळ्यांची सारखीच घ्यावी.

— एक ऊस उत्पादक सभासद