नळ कोरडा, कार्यालय मुके

‘तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा बंद राहील, नागरिकांनी सहकार्य करावे.’ या धाटणीची सूचना वाचली नाही असा माणूस यवतमाळ जिल्ह्यात क्वचितच सापडेल. कारण कोणते? कोणत्या भागात? किती दिवस? तोवर टँकर येणार का आणि कुठे उभा राहणार? यातले काहीच तिच्यात नसते. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. पाण्याची माहिती न देणे हेही पाणी नाकारणेच आहे.

2018 चा उन्हाळा आठवा. यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली होती. नळाला कित्येक दिवस पाणी येत नव्हते आणि सगळ्यांचे डोळे बेंबळा धरणाच्या पाण्याकडे लागले होते. टंचाई सगळ्यांना होती, पण सारखी नव्हती. ज्याच्या अंगणात बोअर, गच्चीवर मोठी टाकी आणि मोबाईलमध्ये साहेबांचा नंबर, त्याला सूचनेची गरज नसते. जलवाहिनीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या वस्तीत मात्र नळ कधी येणार हे कळले नाही, तर आमच्या मायबहिणींपुढे दोनच रस्ते उरतात: मजुरी बुडवा किंवा पाणी बुडवा. वेळ आदल्या दिवशी कळली असती, तर दोन्ही वाचले असते. यासाठी नवे धरण लागत नाही, तोंड उघडावे लागते.

खेड्यात हा प्रश्न जिवावर येतो. पांढरकवडा, झरी जामणी भागातल्या अनेक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत. त्याहून जास्त फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले की आधी दात डागाळतात, मग हाडे आणि सांधे धरतात. ‘पाणी उकळून प्या’ हा सल्ला जंतूंसाठी बरोबर आहे, फ्लोराइडसाठी घातक आहे. उकळल्याने पाणी आटते, फ्लोराइड तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण वाढते. कोलाम पोडावर किंवा बंजारा तांड्यावर ‘सदर स्रोत पिण्यास अयोग्य’ एवढी सरकारी मराठी चिकटवून भागत नाही. हातपंपापाशी उभे राहून, त्यांच्या बोलीत, हे पाणी कपड्याला चालेल, पिण्याला नाही आणि पिण्याचे पाणी अमुक ठिकाणी मिळेल, हे सांगावे लागते.

काही जण म्हणतील, अभियंत्याचे काम पाइप टाकण्याचे, भाषण करण्याचे नाही. माहिती अधिकार कायदा, 2005 चे कलम 4 वाचा. लोकांवर परिणाम करणारे निर्णय जाहीर करताना त्यामागची वस्तुस्थिती कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायची आहे. ती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वांत परिणामकारक ठरणारी पद्धत विचारात घ्यायची आहे. म्हणजे बोलणे हा साहेबांचा मोठेपणा नाही, त्यांच्या कामाचा भाग आहे.

हे मौन आणखी एका माणसाला मारते. साहेब फोन उचलत नाहीत तेव्हा शिव्या खातो तो व्हॉल्व्हमन. पगार तुटपुंजा, नोकरी अनेकदा कंत्राटी आणि पोरगा बऱ्याचदा आपल्याच वस्तीतला. त्याला वरून काहीच सांगितलेले नसते, तरी उत्तर त्यालाच द्यावे लागते.

आम्हाला हे नवे नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव 1923 मध्ये झाला. महाड नगरपालिकेने 1924 मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले, प्रत्यक्षात बंद. बाबासाहेबांना 20 मार्च 1927 रोजी हजारो माणसांसह तळ्यावर जावे लागले. त्यानंतर दोनच आठवड्यांत ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले. पाण्याची लढाई आणि बोलण्याची लढाई बाबासाहेबांनी वेगळी मानली नाही.

म्हणून आमच्या मागण्या. प्रत्येक प्रभागात आणि वस्तीत पाण्याच्या वेळेचा फलक लावा. वेळ बदलली तर आदल्या दिवशी घंटागाडीच्या भोंग्यावर सांगा. पाणी तपासणीचा निकाल गावात सोप्या शब्दांत आणि बोलीत वाचून दाखवा. ‘आज सांगता येत नाही, उद्या दहा वाजता सांगतो’ असे म्हणणारा आणि दहा वाजता खरोखर सांगणारा अधिकारी आम्हाला चालेल, खोटी तारीख देणारा नाही. नाशिकला जीवन प्राधिकरणाची प्रशिक्षण संस्था आहे. तिथे पंपाबरोबर लोकांशी बोलणे आणि त्याआधी लोकांचे ऐकणेही शिकवा. त्याची परीक्षा मात्र टोकाच्या वस्तीत घ्या.

आणि तरुणांनो, आपलेही काम आहे. गावच्या पाणी व स्वच्छता समितीत बसा. ग्रामसभेत तपासणीचा अहवाल मागा. कलम 4 चा उल्लेख करून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. कार्यालय मुके असेल तर त्याला बोलते करणे हीसुद्धा चळवळ आहे.

जय भीम!