तक्रारीलाही उपासनेत जागा हवी

धार्मिक संगीताच्या स्वातंत्र्याची चर्चा बहुधा वाद्यांपाशीच अडकते. गाण्यातून काय म्हणण्याची मुभा आहे, हा प्रश्न त्या गलबल्यात मागे राहतो. ‘जार्स ऑफ क्ले’ या अमेरिकन ख्रिस्ती बँडचा 2013 मधील ‘इनलँड’ हा अल्बम या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे, आणि त्याचे गोत्र वऱ्हाडातील ख्रिस्ती मंडळ्यांना वाटेल तितके परके नाही. हा बँड ज्या अल्टरनेटिव्ह रॉकच्या प्रवाहातला, तो 1980 च्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या ठरीव साच्याबाहेर, महाविद्यालयीन रेडिओ केंद्रे आणि लहान प्रकाशनसंस्था यांच्या आधाराने वाढला; त्यात गिटार प्रमुख असते आणि मनातील अस्वस्थता झाकून ठेवण्याचा आग्रह नसतो.

हा बँड 1993 मध्ये इलिनॉय राज्यातील ग्रीनव्हिल कॉलेजात जन्माला आला. हे कॉलेज फ्री मेथडिस्ट पंथाचे, आणि वऱ्हाडातील वाशीमला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात याच पंथाच्या मिशनने दीर्घकाळ काम केले आहे. वाशीम शहरात 1930 च्या दशकात रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू करणारे नाझरीन चर्चही त्याच कुळातले आहे; दोन्ही पंथ मेथडिस्ट परंपरेतून पुढे आलेल्या ‘होलिनेस’ चळवळीचे, म्हणजे श्रद्धावंताचे अवघे आचरण पवित्र झाले पाहिजे असे शिकवणाऱ्या चळवळीचे वारस होत. फ्री मेथडिस्टांनी ही कसोटी संगीतालाही लावली होती, आणि उपासनेत वाद्य नको हा त्यांचा नियम 1943 मध्ये कुठे सैल झाला. त्यानंतर अवघ्या पन्नास वर्षांत त्यांच्याच कॉलेजात रॉक बँड उभा राहिला, यावरून वाद्यांचा वाद काळाच्या ओघात आपोआप मिटतो, असे म्हणता येते.

आशयाचा वाद मात्र तसा मिटत नाही. 1995 च्या पहिल्या अल्बममधील ‘फ्लड’ हे गाणे धर्मनिरपेक्ष रेडिओवरही गाजले आणि बिलबोर्डच्या मुख्य यादीत 37 व्या क्रमांकापर्यंत पोहोचले. परंतु अमेरिकेत ख्रिस्ती संगीताची स्वतंत्र बाजारपेठ आहे, तिची स्वतःची रेडिओ केंद्रे आणि पुरस्कार आहेत, आणि तिला दिलासा देणारे, निःशंक गाणे अधिक मानवते. बँडने 2007 मध्ये जुन्या कंपनीशी असलेले नाते संपवून ‘ग्रे मॅटर्स’ ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली, आणि टकर मार्टिन यांनी निर्मिती केलेला ‘इनलँड’ तिच्यातर्फे आला. एकटेपणा आणि मद्य, भांडणानंतर उरलेले नाते, हिशेब न ठेवता केलेली क्षमा असे विषय त्यात आहेत, आणि देवाचे नाव न घेताही श्रद्धेविषयी बोलण्याचे धाडस आहे.

अशा गाण्याला ख्रिस्ती का म्हणावे, हा आक्षेप पाळकांकडून येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर बायबलमध्येच मिळते, कारण स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रांपैकी फार मोठा भाग विलापाचा आहे. तिथे भक्त देवाला जाब विचारतो, तो गप्प का म्हणून तक्रार करतो, आणि त्या तक्रारीलाच प्रार्थनेचा मान मिळतो. त्यामुळे ‘इनलँड’ने परंपरा सोडली असे नव्हे, तर बाजाराने गाळलेला परंपरेचा एक भाग परत आणला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

गाण्याला आश्रयदात्याच्या पसंतीतून सोडवण्याचा झगडा मराठीत याहून जुना आहे. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांपुढे पाश्चात्त्य चालींवर बेतलेली भाषांतरित गीते होती. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगात आणि ओवीत आणली, तर नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी कीर्तनातून ख्रिस्तभक्ती लोकांपुढे मांडली. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापला, हे त्यांच्या काव्याइतकेच महत्त्वाचे आहे, कारण देशी रूपातील भक्तीला देशी, स्वावलंबी आधारही हवा, हे त्यांनी ओळखले होते. पगार सोडणारा कवी आणि कंपनी सोडणारा बँड यांच्यात शैलीचे साम्य शोधू नये. आश्रयदात्याच्या पसंतीपासून मोकळे होण्याची गरज मात्र दोघांनाही सारखीच भासली.

आज अनेक मराठी मंडळ्यांतील तरुण संघांजवळ गिटार, कीबोर्ड आणि ध्वनिमुद्रणापुरता संगणक असतो, तरी गायिली जातात ती बहुतेक इंग्रजी किंवा हिंदी स्तुतिगीते किंवा त्यांची मराठी रूपे. म्हणजे टिळकांनी जी परावलंबिता झटकली, तीच नव्या वाद्यांसह परतली आहे. वाशीमसारख्या कोरडवाहू जिल्ह्यात, जिथे सोयाबीन आणि तूर पावसाच्या लहरीवर तगतात आणि कर्जाचा घोर घराघरात ओळखीचा आहे, तिथल्या मंडळीचे गीत केवळ आनंदाचे असेल, तर ते अर्धेच खरे असेल. ‘इनलँड’चा आवाज उचलून वऱ्हाडी शब्द त्यावर बसवल्याने काही साधणार नाही. नापिकीच्या वर्षी देवाला वऱ्हाडीत जाब विचारणारे गाणे एखाद्या तरुण संघाने स्वतःच्या खर्चाने ध्वनिमुद्रित करावे, आणि पाळकाने ते रविवारच्या उपासनेत गाऊ द्यावे. यांतील दुसरी गोष्ट पहिलीहून कठीण आहे, आणि स्वतंत्र संगीताची खरी परीक्षा तिथेच होणार आहे.