पटावर हजर, मांडवात उभी

आमच्या परभणी जिल्ह्यातल्या सेलूत मुलींच्या शिक्षणावर बोलायला कुणालाही उभं करा, माणूस सावित्रीबाईंच्या १८४८ च्या शाळेपासून सुरू होतो आणि ‘आज मुली कुठल्याही क्षेत्रात मागे नाहीत’ इथे येऊन टाळ्या घेतो. मधल्या नववी ते बारावीबद्दल कुणी बोलत नाही, कारण तिथे बोलायचं म्हटलं तर समोर बसलेल्यांपैकी निम्मे लोक खाली बघतील.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. राज्याचं प्रमाण २२ टक्क्यांच्या आसपास होतं. ‘कोरोनानं केलं हो सगळं’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं की राज्यातली ही पाहणी २०१९ ची, म्हणजे टाळेबंदीच्या आधीची. बारावी होईपर्यंत वय सतरा-अठरा होतं आणि लग्न झालं की शाळा बहुधा सुटतेच. तेव्हा आरोग्य खात्याच्या अहवालातला हा आकडा खरं तर शिक्षण खात्याचा निकाल आहे. पण शिक्षण खातं पटसंख्या मोजतं, आणि पटावर सगळं ठीक असतं. दिवाळीनंतर वर्गात न दिसलेली पोरगी पटावर मात्र मार्चपर्यंत नांदते.

कायद्याचीही मौज बघा. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा. चौदा संपली की कायदा हात झटकतो आणि नेमकी तेव्हाच घरी स्थळं यायला लागतात. गावातली शाळा सातवी-आठवीला संपते, पुढे सेलू नाहीतर वालूरसारखं मोठं गाव गाठायचं. मुलींना एसटीचा पास मोफत आहे, मानव विकास मिशनच्या निळ्या बसाही आहेत. पण पासावर बसून कुणी शाळेत पोचत नाही, त्याला बस यावी लागते. २०२१-२२ च्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात कित्येक महिने एसटी जवळजवळ बंद होती. पोरं मोटारसायकलीवर तिघं-तिघं बसून गेली. मुलींनी कुणाच्या मागे बसायचं, या प्रश्नाचं उत्तर घरच्यांनी एका वाक्यात दिलं: घरीच बसायचं.

सरकार मात्र उदार आहे. दारिद्र्यरेषेखालच्या मागास घरांतल्या प्राथमिक शाळेच्या मुलींसाठी १९९२ मध्ये उपस्थिती भत्ता काढला, रोज एक रुपया. पुढे वर्षानुवर्षं चहा महागला, डिझेल महागलं, मुलीची हजेरी रुपयालाच राहिली. आता ‘लेक लाडकी’ आली. १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला अठरा झाल्यावर ७५ हजार मिळणार, म्हणजे २०४१ मध्ये. आज नववीत असलेली लेक लाडकी नव्हे, तिनं जन्माला यायची घाई केली. २०२४ पासून व्यावसायिक पदवीची फीही ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या घरांतल्या मुलींना माफ झाली. जिना काढून घ्यायचा आणि गच्ची फुकट द्यायची, असा हा कारभार.

‘पोरींनाच शिकायचं नसतं’ असं पारावर ऐकवणारे भेटतात. दहावीच्या निकालात मुली दरवर्षी मुलांच्या पुढे असतात, तेव्हा हे महाशय पेढे खायला पुढे असतात.

उसाला जाणाऱ्या बापाचा हिशेब मला कळतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाची उचल जोडीवर मिळते आणि कोपीवर वयात आलेली पोरगी कुणाच्या भरवशावर सोडायची, हा त्याचा प्रश्न खोटा नाही. पण चार एकर बागायत आणि दारात ट्रॅक्टर असलेला बाप कुठला कोयता चालवतो? त्याचा हिशेब वेगळा: पोरगी जास्त शिकली की जास्त शिकलेला नवरा लागतो आणि त्याचा हुंडाही जास्त. शिवाय थोरलीच्या मांडवात धाकटी उरकली की जेवणावळीचा एक खर्च वाचतो. ही गरिबी नाही, हा नफा आहे.

आणि या नफ्याचे भागीदार आपण सगळे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यानुसार असं लग्न लावणारा, जुळवणारा, त्यात सहभागी होणारा, सगळेच गुन्हेगार ठरू शकतात. दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड. गावात प्रतिबंधक अधिकारी म्हणून ग्रामसेवक नेमलेला आहे. त्यालाही पत्रिका जाते. मुलीचं वय गुरुजींना ठाऊक असतं, कारण जन्मतारखेची नोंद त्यांच्याच रजिस्टरात. पुढारी अक्षता टाकून ‘स्त्रीशक्ती’वर पाच मिनिटं बोलतात. नंतर विचारा, सगळ्यांचं उत्तर एकच: ‘तक्रारच आली नाही.’ तक्रार कुणी करायची? बोहल्यावरच्या पोरीनं, अंतरपाट धरलेला असताना बालहेल्पलाइनच्या १०९८ ला फोन लावून?

मला नवी योजना नको. पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत पटसंख्या वाचणं बंद करा. चार वर्षांपूर्वी गावातल्या किती मुली आठवीत होत्या, यंदा त्यांतल्या किती बारावीच्या परीक्षेला बसल्या आणि उरलेल्यांपैकी किती जणींचं लग्न अठराच्या आत लागलं, हे तीन आकडे ग्रामसेवकानं माइकवरून मोठ्यानं वाचावेत. मग त्या लग्नांत कोण कोण जेवून आलं, हे मी विचारतो.