शिक्षा स्वातंत्र्याला, शरीराला नव्हे

धुळ्याच्या तुरुंगाचे नाव निघाले की साक्री-पिंपळनेरकडच्या वाचत्या माणसाला गीताप्रवचने आठवतात. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी विनोबा बोलले आणि साने गुरुजींनी ते लिहून घेतले. पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी ‘श्यामची आई’ लिहिली. त्याआधी मंडालेत टिळकांचे ‘गीतारहस्य’ झाले होते. तुरुंगाने आपल्याला ग्रंथ दिले, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण तिथे देहही सांभाळले जात होते, ते आपण विसरलो. टिळक मंडालेत मधुमेहाचे पथ्य पाळत होते. आगाखान पॅलेसच्या बंदिवासात १५ ऑगस्ट १९४२ रोजी गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई वारले आणि त्याच महिन्याच्या २७ तारखेला गांधीजींनी ‘आरोग्याची किल्ली’ची प्रस्तावना लिहिली. हवा, पाणी, आहार, तंबाखू यांविषयीचे हे पुस्तक डिसेंबरात तिथेच पुरे झाले.

ते थोर राजबंदी होते, म्हणून आपण हात जोडतो. आज साक्री तालुक्यातला एखादा साधा आरोपी धुळ्याच्या बराकीत म्हणाला, ‘आता तंबाखू सोडतो, रोज व्यायाम करतो, तब्येत सुधारूनच बाहेर पडतो,’ तर मात्र आपण हसतो. हसण्यामागे तीन आक्षेप असतात. ते एकेक तपासू.

पहिला आक्षेप पारावरचा : ‘आम्ही उन्हात राबतो, दवाखान्याला पैसे मोजतो, यांना डॉक्टर आणि जेवण फुकट कशाला?’ राग समजतो, तर्क समजत नाही. मोकळा माणूस उसनवारी करून का होईना दवाखाना गाठू शकतो. कुलूप लावलेल्याला ती वाट नाही. ज्याने कुलूप लावले, त्याच्यावरच त्या देहाची जबाबदारी येते. न्यायालय कैदेची मुदत ठरवते. निकालपत्रात ‘आणि क्षयरोग’ असे लिहिलेले नसते. शिवाय ‘गुन्हेगार’ म्हणून आपण ज्यांच्यावर चिडतो त्यांतले बहुतेक अजून गुन्हेगार ठरलेलेच नाहीत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या सुमारे पावणेसहा लाख बंद्यांपैकी दर चारांत तीन कच्चे कैदी होते. उद्या निर्दोष सुटणाऱ्याची फुप्फुसे कोण भरून देणार?

दुसरा आक्षेप भीतीचा : ‘दंड-बैठका काढून गुंड आणखी दांडगे होतील.’ अमेरिकेत १९९० च्या दशकात याच भीतीने अनेक तुरुंगांतली व्यायामाची वजने काढून घेतली गेली. भीती खरी मानली, तरी उपाय चुकीचा आहे. गुन्हा करायला पिळदार दंड लागत नाहीत. लाच घेणाऱ्याला, विषारी दारू विकणाऱ्याला तर मुळीच नाहीत. उलट ठरल्या वेळी उठणे, मोह आवरणे, आजचा कंटाळा उद्याच्या हितासाठी बाजूला सारणे हीच व्यायामाची खरी शिकवण आहे. गुन्ह्याकडे वळलेल्या पुष्कळांना नेमके तेच जमलेले नसते. नेल्सन मंडेला रॉबेन बेटावरच्या कोठडीत जागच्या जागी पाऊण तास धावत. त्या धावण्याने जगाला धोका झाला नाही. सत्तावीस वर्षांच्या कैदेनंतर देश चालवायला उभा राहू शकणारा माणूस मिळाला.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार, कारण तो सहानुभूतीतून येतो : ‘गच्च भरलेल्या बराकीत, मोजक्या पाण्यात कैद्याच्या हाती असते काय? संकल्पाच्या गप्पा म्हणजे व्यवस्थेचे पाप त्याच्या माथी मारणे.’ यातले अर्धे खरे आहे. गर्दीत क्षय पसरतो, तो सूर्यनमस्कारांनी थांबत नाही. पण उरलेले अर्धेही सोडून चालणार नाही. तंबाखूची पुडी नाकारणे, घरून आलेली मनीऑर्डर कँटीनच्या फरसाणावर न उडवणे, बराक उघडल्यावर पत्ते कुटण्याऐवजी चालणे, दोन आठवडे खोकला टिकला तर लपवून न ठेवता सांगणे, एवढे हातात असते. मुख्य म्हणजे प्रवेशाच्या तपासणीत जुना आजार आणि चालू औषध स्पष्ट सांगणे. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातल्या आदिवासी समाजांत सिकलसेल आढळतो. अशा रुग्णाला पाणी कमी पडले किंवा झेपेल त्यापेक्षा जास्त श्रम झाले, तर असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो. त्याच्यासाठी आरोग्याचा संकल्प म्हणजे शंभर बैठका नव्हेत. भरपूर पाणी, वेळेवर गोळी आणि बेताचा व्यायाम.

आता माझी बाजू. या तालुक्यातली कितीतरी आदिवासी कुटुंबे दरसाल ऊसतोडीला गुजरातेत उतरतात. तिथे हिशेब कोयत्याचा, आणि कोयता म्हणजे बहुधा नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून घेतलेली उचल दोघांच्या घामातून फिटते. नवरा तुरुंगातून खंगून आला, तर कोयता मोडतो आणि उचल तशीच राहते. ज्याच्याकडे सातबारा नाही, पदवी नाही, त्याचे भांडवल शरीरच असते. ते तुरुंगात बुडाले, तर शिक्षा बायकोला होते आणि पोरांच्या शाळेला होते. या बायको-पोरांवर कुठल्या न्यायालयाने आरोप ठेवला होता?

म्हणून संकल्प कैद्याने करावा आणि तो पाळता येईल अशी सोय शासनाने करावी. हे मागणे नवे नाही. इंग्रजांच्या १८९४ च्या तुरुंग कायद्यानेही आत येणाऱ्या बंद्याची वैद्यकीय तपासणी सांगितली होती, श्रमाला नऊ तासांची मर्यादा घातली होती, आणि काम करणाऱ्या कैद्याचे वजन निदान पंधरा दिवसांतून एकदा त्याच्या नोंदपत्रावर लिहायला लावले होते. परक्या सरकारला कैद्याच्या वजनाची नोंद हवी होती, ती बहुधा काम करून घेण्यापुरती. १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यापुढचे पाऊल टाकले : तुरुंगाच्या दारात मूलभूत हक्क गळून पडत नाहीत. आणि कैद्यांच्या वागणुकीविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांनी रोज निदान एक तास मोकळ्या हवेतला व्यायाम किमान गरज म्हणून मांडला.

या सगळ्याला लागते काय? एक वजनकाटा, नियमित येणारा डॉक्टर, क्षय-सिकलसेलची तपासणी, पुरेसे पाणी आणि रोजचा एक तास अंगण. यातले काहीही चैनीचे नाही. कैद्याने तंबाखू सोडली का, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. पण त्याआधी त्याचे शेवटचे वजन कोणत्या तारखेला झाले, हे कारागृहाला विचारायला हवे.